व्होकल जॅझ आणि बिग बँड: कुठले अल्बम ऐकायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिग बँड म्हणजे नक्की किती माणसं असतात?

साधारण सतरा. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रोम्बोन, आणि मागे रिदम सेक्शन म्हणजे पियानो, गिटार, डबल बास, ड्रम्स. १९३० च्या दशकात तेरा-चौदा जणांतही भागायचं. आता एवढी माणसं एका वेळी आपापल्या मनाचं वाजवायला लागली तर नुसता गोंगाट होईल, त्यामुळे कोणाला तरी बसून प्रत्येकाचा भाग लिहून द्यावा लागतो, आणि तो लिहून देणारा म्हणजे अरेंजर. खाली या लोकांची नावं सारखी येणार आहेत कारण माझं ठाम मत आहे की या प्रकारातला अल्बम निवडताना गायकाच्या नावाइतकंच अरेंजरचं नाव बघायचं, आणि आपल्याकडे ते फारसं कोणी बघत नाही.

व्होकल जॅझ आणि बिग बँड एकत्र का घेतलेत? दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना?

आज वेगळ्या वाटतात, पण वाढल्या एकाच घरात. गायिका एला फिट्झजेराल्डने १९३४ मध्ये हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये हौशी कलाकारांची स्पर्धा जिंकली, मग ती ड्रमर चिक वेबच्या बँडमध्ये गेली आणि १९३९ मध्ये वेब वारला तेव्हा तो बँड तिच्याच नावाने चालला. गायक फ्रँक सिनात्रा आधी हॅरी जेम्सच्या बँडमध्ये मग टॉमी डॉर्सीच्या. डॉर्सी ट्रोम्बोन वाजवताना श्वास कुठे घेतो हे कोणाला दिसायचंच नाही, आणि ते मागे बसून बघत बघत सिनात्रा लांब ओळ एका दमात गायला शिकला. सारा व्हॉन अर्ल हाइन्सच्या बँडमधून आली, पेगी ली बेनी गुडमनच्या, बिली हॉलिडे काही काळ काउंट बेसीकडे आणि मग आर्टी शॉकडे होती.

तेव्हा बँड मोठा आणि गायक छोटा. गायकाने एक कडवं गायचं आणि उरलेला वेळ स्टेजवर खुर्चीत बसायचं. हे उलटं झालं ते १ ऑगस्ट १९४२ नंतर. वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंग बंद केलं, ते कंपन्यांप्रमाणे एक ते दोन वर्षं चाललं, गायक त्या युनियनमध्ये नव्हते म्हणून ते गातच राहिले, मागे वाद्यांऐवजी कोरस घेऊन. त्यात युद्ध, पेट्रोल-टायरचं रेशनिंग, नाइटक्लबवरचा जबर टॅक्स, सतरा माणसं बसमध्ये घालून गावोगाव फिरवणं परवडेना. १९४६ च्या शेवटी एकामागून एक नावाजलेले बँड बंद पडले. आणि १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी आली तेव्हा तेच वादक स्टुडिओत बसून गायकांच्या मागे वाजवायला लागले. आपण ज्याला व्होकल जॅझचे ग्रेट अल्बम म्हणतो ते बहुतेक त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतले आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांच्या मागे बिग बँडच आहे.

मी जॅझ कधीच ऐकलं नाहीये. पहिला अल्बम कुठला?

'एला अँड लुई', १९५६. एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग. मागे फक्त चार जण: ऑस्कर पीटरसन पियानोवर, हर्ब एलिस गिटारवर, रे ब्राउन बासवर, बडी रिच ड्रम्सवर. अकरा गाणी, सगळी निवांत. एलाचा आवाज स्वच्छ, लुईचा खरखरीत, आणि दोघं एकमेकांना जागा देत गातात. ती गाते तेव्हा तो मधेच एखादा शब्द टाकतो, आणि त्याने ट्रम्पेट उचलला की चालीला वेगळाच उजेड मिळतो. पीटरसन एरवी सुरांचा पाऊस पाडणारा माणूस, इथे अगदी मोजकं वाजवतो. कव्हरवर दोघं साध्या खुर्च्यांवर बसलेत, लुईचे मोजे खाली गुंडाळलेले, फोटोसाठी सजलेत असं अजिबात वाटत नाही आणि गाणंही तसंच आहे.

यात बिग बँड नाही हे मला माहितेय. पण आधी आवाज ओळखीचे होऊ देत.

आणि बिग बँडचा पहिला?

'द ॲटॉमिक मिस्टर बेसी'. ऑक्टोबर १९५७ मध्ये रेकॉर्ड झाला, १९५८ मध्ये आला. कव्हरवर अणुस्फोटाचा ढग आहे, आज तसलं कव्हर कोणी काढणार नाही. अकराच्या अकरा रचना नील हेफ्टीच्या, त्यामुळे पूर्ण अल्बम एका हातचा वाटतो. पहिल्या ट्रॅकमध्ये बेसी स्वतः पियानोवर सुसाट सुटतो, पण मला तुम्ही शेवटचा ट्रॅक ऐकायला हवाय, 'लिल डार्लिन'. हेफ्टीने तो बराच जलद लिहिला होता असं सांगतात, बेसीने लय खाली आणली, इतकी खाली की आख्ख्या बँडने ती सांभाळणं म्हणजे खरी परीक्षा. चांगला हेडफोन लावा आणि ट्रम्पेट-ट्रोम्बोनकडे दुर्लक्ष करून मागची गिटार शोधा. तो फ्रेडी ग्रीन. १९३७ मध्ये बेसीकडे आला आणि जवळपास पन्नास वर्षं त्याच खुर्चीवर होता, सोलो जवळजवळ कधीच नाही, फक्त चार मात्रा, चार मात्रा, चार मात्रा. एकदा ती ऐकू आली की मग बेसीचा कुठलाही अल्बम लावा, कान आधी तिकडेच जातो.

अरेंजर नक्की काय करतो? गाणं तर आधीच कोणीतरी लिहिलेलं असतं.

हो, आणि तीच तर गंमत आहे. बंदिश एकच, पण किराण्याचा गायक ती एक मांडतो आणि जयपूरचा वेगळी, हे आपल्याला सांगावं लागत नाही. इथे ती मांडणी बऱ्याच अंशी अरेंजर कागदावर आधीच ठरवतो.

उदाहरण घेऊ. कोल पोर्टरचं 'आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन' १९३६ चं गाणं. १९५६ मध्ये सिनात्राने 'साँग्ज फॉर स्विंगिन लव्हर्स' या अल्बमसाठी ते गायलं, अरेंजर नेल्सन रिडल. सुरुवातीला सगळं हलकं आहे, सिनात्रा जवळजवळ बोलल्यासारखा गातो. मग तो गप्प होतो. खालून ट्रोम्बोन एकच छोटा तुकडा परत परत वाजवायला लागतात, वर व्हायोलिन चढत जातात, प्रत्येक फेरीला आवाज थोडा वाढतो, आणि आता हे कुठेतरी फुटणार असं वाटतं त्या क्षणी मिल्ट बर्नहार्टचा ट्रोम्बोन सोलो फुटतो. माइकच्या जवळ जाता यावं म्हणून त्याला एका खोक्यावर उभं केलं होतं म्हणे, आणि त्या गाण्याचे बावीस टेक झाले म्हणे. त्यानंतर सिनात्रा परत येतो तो पहिल्यासारखा नाही, पूर्ण जोरात येतो, कारण आता मागे त्याला उचलणारा बँड तापलेला आहे. आणि शेवटी सगळं पुन्हा खाली, हलकं. शब्द तेच, चाल तीच. पण चार मिनिटांच्या आत त्या माणसाच्या मनात काय झालं हे सांगितलं रिडलने, तेही सिनात्रा गप्प असताना. रिडल स्वतः मुळातला ट्रोम्बोनवाला, डॉर्सीच्याच बँडमध्ये वाजवलेला, हेही ऐकताना लक्षात ठेवा.

सिनात्राला जॅझ म्हणायचं का?

म्हणायचं. तो तानबाजी करत नाही, पण शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवून ओळ कशी ओढायची हे त्याच्याकडून भल्याभल्या वादकांनी घेतलं. तीन अल्बम पुरेत. दुःखाचा हवा असेल तर 'इन द वी स्मॉल अवर्स', १९५५, रिडलचाच, सगळी गाणी एकाच मूडची, रात्रभर झोप न आलेल्या माणसाची, शफलवर लावू नका, ओळीने ऐका. आनंदाचा हवा असेल तर वर सांगितलेला. आणि बिग बँड समोर उभा हवा असेल तर 'सिनात्रा ॲट द सँड्स', १९६६, लास व्हेगासच्या हॉटेलातला लाइव्ह, मागे आख्खा बेसीचा बँड आणि अरेंजर-कंडक्टर क्विन्सी जोन्स. त्यात मधे एक लांबलचक गप्पांचा ट्रॅक आहे, पहिल्यांदा ऐकताना तो सोडला तरी चालेल.

एला, सारा, बिली. तिघींपैकी कोणापासून सुरू करू?

एलापासून झालंच आहे. तिची साँगबुकं म्हणजे एकेका संगीतकाराची गाणी घेऊन केलेले अल्बम, पहिलं १९५६ चं कोल पोर्टरचं, आणि माझ्या मते सगळ्यात भरलेलं १९५९ चं गर्शविनचं, पाच एलपींचं, अरेंजर पुन्हा रिडल. एका बैठकीत ऐकायचं नाही, रोज थोडं.

सारा व्हॉनचा आवाज या तिघींत सगळ्यात मोठा. खर्जात गेली तर पुरुषाएवढी खोल आणि तिथून वर कधी आली ते कळत नाही. १९५४ चा तिचा क्लिफर्ड ब्राउनबरोबरचा अल्बम घ्या, अरेंजर एर्नी विल्किन्स, बँड छोटा, बासरी आणि टेनर सॅक्सोफोन आणि क्लिफर्डचा ट्रम्पेट. क्लिफर्ड दीड वर्षाने मोटार अपघातात गेला, पंचवीस वर्षांचा होता, आणि या अल्बममध्ये तो साराच्या मागून जे गोल, पिकलेले सूर काढतो ते ऐकून जीव हळहळतो. मग बिग बँडसाठी 'काउंट बेसी/सारा व्हॉन', १९६१. नावात बेसी आहे, बँड त्याचा आहे, पण पियानोवर तो स्वतः नाही, कर्क स्टुअर्ट आहे.

बिली हॉलिडेबद्दल एक कळकळीची विनंती. यादीत सगळीकडे 'लेडी इन सॅटिन' पहिलं दिसतं म्हणून तिथून सुरू करू नका. तो १९५८ चा आहे, ती जुलै १९५९ मध्ये गेली, आवाज फाटलेला आहे, आणि तिचा तरुण आवाज आपण ऐकलेला नसला तर काय गमावलंय आणि तरी काय उरलंय हे कळणारच नाही. आधी १९३० च्या दशकातली टेडी विल्सनच्या बँडबरोबरची छोटी रेकॉर्डिंग ऐका, त्यात लेस्टर यंगचा सॅक्सोफोन तिच्याशी बोलत असतो. मग 'साँग्ज फॉर डिस्टिंगे लव्हर्स', बेन वेब्स्टर आणि हॅरी एडिसन बरोबर. आणि मग 'लेडी इन सॅटिन'. तिला स्वतःलाच ती व्हायोलिनची मऊ साथ हवी होती, अरेंजर रे एलिस. तो आधी तिच्या गाण्यावर नाराज होता, सूर लागत नाहीत म्हणून, नंतर शांतपणे टेप ऐकल्यावर त्याला कळलं की तो सूर शोधत बसला होता आणि तिने काय ओतलंय तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्या मुलायम व्हायोलिनवर तो चिरलेला आवाज येतो तेव्हा मला अजूनही मधे थांबावं लागतं.

स्कॅट म्हणजे काय? नुसतं डू-बी-डू-बी का?

शब्द सोडून आवाजाचं वाद्य करायचं आणि तिथल्या तिथे चाल रचायची. सगळ्यात चांगला नमुना 'एला इन बर्लिन', फेब्रुवारी १९६०, लाइव्ह. त्यात 'मॅक द नाइफ' गाताना ती शब्द विसरते, अक्षरशः विसरते, आणि थांबायच्या ऐवजी आपण विसरलोय हेच चालीत बसवून गात सुटते, मधे लुई आर्मस्ट्राँगची नक्कल करून घेते, यमकं जुळतायत, लय एक कणभर हलत नाही. त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. शेवटचं 'हाउ हाय द मून' मात्र ठरवून केलेलं स्कॅट आहे, सात मिनिटांचं, त्यात ती दुसऱ्या डझनभर गाण्यांचे तुकडे येता जाता टाकते, ते ओळखायला वेळ लागतो.

याच्या उलटा प्रकार व्होकलीज, म्हणजे वादकाचा सोलो घ्यायचा आणि त्यावर शब्द बसवायचे. लॅम्बर्ट, हेंड्रिक्स अँड रॉस या तिघांनी १९५७ मध्ये 'सिंग अ साँग ऑफ बेसी' केला, बेसीच्या बँडमधल्या सगळ्या ट्रम्पेट-ट्रोम्बोन-सॅक्सोफोनचे भाग तिघांनीच एकावर एक रेकॉर्ड करून गायले. बेसीचं मूळ आधी ऐका मग हा, जास्त मजा येते.

ड्यूक एलिंग्टन एवढा मोठा आहे की कुठून धरू तेच कळत नाही.

खरंय, जवळजवळ पन्नास वर्षं बँड चालवलेला माणूस. दोन दरवाजे सांगतो.

पहिला दरवाजा १९४० ते १९४२. तेव्हा अल्बम नव्हते, तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटं, त्यामुळे हे संकलन म्हणूनच मिळतं, 'नेव्हर नो लॅमेंट' या नावाने. बासवर जिमी ब्लँटन, जो तेविसाव्या वर्षी क्षयाने गेला आणि त्याआधी बास या वाद्याला पुढे आणून ठेवून गेला, टेनर सॅक्सोफोनवर बेन वेब्स्टर. 'को-को' आणि 'कॉटन टेल' हे दोन ट्रॅक सलग चार-पाच वेळा ऐका. तीन मिनिटांत किती मावतं ते दिसेल.

दुसरा दरवाजा 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट', ७ जुलै १९५६ ची रात्र. तेव्हा ड्यूक संपला असं लोक म्हणायला लागले होते. उशीर झालेला, लोक घरी निघालेले, आणि त्याने १९३७ सालची एक जुनी जोडरचना काढली, 'डिमिन्यूएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू'. दोन भागांच्या मधे टेनर सॅक्सोफोनवाल्या पॉल गोन्साल्विसला सांगितलं, हवं तितकं वाजव. बारा बारचा ब्लूज, एक बार म्हणजे चार मात्रा, त्याची त्याने सलग सत्तावीस आवर्तनं घेतली. सहाव्या-सातव्या आवर्तनाच्या आसपास प्रेक्षकांत काहीतरी हलायला लागतं ते टेपवर ऐकू येतं, कोणी ओरडतंय, एक बाई उठून नाचायला लागली, मग हळूहळू सगळेच. बँडमधले लोक मागून त्याला 'चल, चल' करतायत. पुढच्या महिन्यात ड्यूक 'टाइम'च्या कव्हरवर.

इथे एक काळजी घ्या. १९५६ मध्ये निघालेल्या एलपीचा बराचसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्या चिकटवलेला होता, आणि गोन्साल्विस त्या रात्री चुकीच्या माइकसमोर उभा राहिल्याने मूळ टेपवर लांबून ऐकू यायचा. तो ज्या माइकसमोर होता तो व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओचा. त्यांची टेप पुढे सापडली आणि १९९९ मध्ये दोन्ही टेपा जुळवून संपूर्ण कार्यक्रम निघाला. तोच ऐका, दोन सीडींचा, नावात 'कम्प्लीट' आहे. (गोन्साल्विस नाव बघून गोव्याचा का असं हमखास विचारतात. नाही, त्याचं घराणं केप व्हर्डेचं, पोर्तुगीज तिकडेही होते.)

ड्यूक भारतात आला होता ना? त्याचा काही अल्बम आहे का?

आला होता, १९६३ मध्ये, अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर बँड घेऊन. दमास्कस, काबूल, दिल्ली, हैदराबाद, मद्रास, मुंबई, कलकत्ता, पुढे कोलंबो, लाहोर, तेहरान, बगदाद. नोव्हेंबरमध्ये केनेडींची हत्या झाली आणि तुर्कस्तानात दौरा थांबला. त्यातून 'द फार ईस्ट स्वीट' झाला, रेकॉर्डिंग डिसेंबर १९६६, ड्यूक आणि त्याच्याबरोबर संगीत लिहिणारा बिली स्ट्रेहॉर्न दोघांचा. मला यातली आवडणारी गोष्ट ही की इथे कोणी सतार-तबला आणून चिकटवलेला नाही. जे बघितलं, वास घेतला, ते स्वतःच्या बँडच्या आवाजात सांगितलंय. 'ब्लूबर्ड ऑफ दिल्ली'मध्ये क्लॅरिनेट म्हणजे तिथल्या खोलीबाहेर ओरडणारी मैना, 'आग्रा' हॅरी कार्नीच्या बॅरिटोन सॅक्सोफोनवर, आणि 'इस्फहान'मध्ये जॉनी हॉजेस अल्टोवर सुरावरून सुरावर असा घसरतो की मींडेची सवय असलेल्या आपल्या कानाला तो लगेच आपला वाटतो.

सिनात्रा सोडून पुरुष गायक?

'जॉन कोल्ट्रेन अँड जॉनी हार्टमन', १९६३. सहा गाणी, अर्धा तास, बस. सॅक्सोफोनवाला कोल्ट्रेन त्या काळात वादळासारखा वाजवत होता आणि इथे तो हार्टमनच्या त्या खोल, शांत आवाजाला जपून वाजवतो. स्टुडिओकडे जाताना गाडीत रेडिओवर नॅट किंग कोलचं 'लश लाइफ' लागलं आणि हार्टमन म्हणाला हे करूया, असा किस्सा आहे. ते गाणं स्ट्रेहॉर्नने विशीच्या आसपास लिहिलेलं, इतकं थकलेलं, इतकं जगून झालेलं गाणं त्या वयात कसं सुचलं देव जाणे.

बिग बँडबरोबर हवा तर जो विल्यम्स, 'काउंट बेसी स्विंग्ज, जो विल्यम्स सिंग्ज', १९५५, ब्लूज गाणारा तगडा आवाज. आणि मेल टोर्मेचा 'स्विंग्ज शुबर्ट ॲली', १९६०, अरेंजर मार्टी पेच, दहाच जणांचा बँड पण लिखाण असं की मोठा वाटतो. टोर्मेचा आवाज काहींना फार गुळगुळीत वाटतो, दोन गाणी थांबा.

जुनी रेकॉर्डिंग खरखरतात, ऐकवत नाहीत.

दहा मिनिटांत कान सरावतो, आणि एका अल्बमसाठी तरी सरावू द्या. १६ जानेवारी १९३८, कार्नेगी हॉल, बेनी गुडमनचा बँड. त्या हॉलमध्ये जॅझचा बँड हेच तेव्हा धाडस, आणि गोऱ्या गुडमनबरोबर स्टेजवर टेडी विल्सन, लायनेल हॅम्प्टन, शिवाय बेसी आणि ड्यूकच्या बँडमधले पाहुणे, काळे-गोरे एकत्र. कार्यक्रमाच्या तबकड्या घरात पडून होत्या, १९५० मध्ये एलपी निघाली. शेवटाकडे 'सिंग, सिंग, सिंग' येतं, जीन क्रुपाचे ड्रम्स दणाणतायत, सगळा बँड ओरडून झालाय, आणि अचानक जेस स्टेसीला पियानो सोलो मिळतो. त्याला तो मिळणार हे ठरलेलं नव्हतं. तो हळू आवाजात, जवळजवळ चर्चमध्ये वाजवल्यासारखा दोनेक मिनिटं वाजवतो आणि मागे क्रुपा ड्रम्स दाबून धरतो. हे बारा मिनिटांचं आहे, मधून ऐकू नका.

हे सगळं हॉटेलच्या लॉबीत लागतं तसलं वाटतं मला.

कारण बारीक आवाजात लावलंय. बिग बँडला आवाज लागतो. आणि तरीही गोड वाटत असेल तर चार्ल्स मिंगसचा 'द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी' लावा, १९६३, अकरा जण, सगळं एकच सलग नाच म्हणून रचलेलं, लय मधेच पळते मधेच बसते, ट्रोम्बोन माणसासारखे कण्हतात. ड्यूकवरचं प्रेम आणि भयंकर राग दोन्ही एकदम ऐकू येतं.

इंग्रजी शब्द भराभर कळत नाहीत.

नाही कळले तरी पहिल्यांदा चालतं. दुसऱ्यांदा ऐकताना गाण्याचे शब्द समोर ठेवा, विशेषतः बिलीचे.

गोवा आणि मुंबईचा याच्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि चांगला घट्ट आहे. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये अमेरिकेतले काळे वादक बँड घेऊन यायचे, आणि गोव्यातून आलेली, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली मुलं त्यांचं ऐकून, पुढे त्यांच्याबरोबर बसून हे वाजवायला लागली. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, ट्रम्पेटवाला, त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे. सी. रामचंद्र, आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांनी त्याला सिनेमात आणलं, आणि १९५१ च्या 'अलबेला'मध्ये तो बँडसकट पडद्यावर दिसतो. त्या काळच्या हिंदी गाण्यांतले ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे तुकडे परत ऐका, वर ज्या बँडांची नावं घेतली त्यांचा वास येतो. आणि सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर! श्रेयनामावलीत त्यांची नावं शोधावी लागतात, काम मात्र गाण्यागाण्यात आहे. कोकणीत ऐकायचं तर ख्रिस पेरी आणि लोर्ना. तिचा तो उघडा, बिनधास्त आवाज आणि मागे पेरीचा ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रोम्बोनचा ताफा, हे व्होकल जॅझच्या कुठल्याही यादीत मी न लाजता घालीन.

बिग बँड आता संपले का?

नाही. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये थॅड जोन्स आणि मेल लुईस यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये सोमवारचा बँड सुरू केला, दोघंही गेले, सोमवार अजून चालू आहे. त्यांचा 'कन्समेशन' ऐका, १९७०. थॅड आधी बेसीकडे होता, पण त्याचं लिखाण बेसीपेक्षा फार गुंतागुंतीचं. तोशिको अकियोशीचा 'कोगुन', १९७४, दुसऱ्या महायुद्धानंतर जवळपास तीस वर्षं फिलिपिन्सच्या जंगलात लढाई चालूच आहे समजून राहिलेल्या जपानी सैनिकाची बातमी वाचून लिहिलेला, त्यात जपानी नो नाटकातले ढोल आणि हाका बिग बँडमध्ये येतात. आणि मारिया श्नायडर, 'कॉन्सर्ट इन द गार्डन', २००४, दुकानात न ठेवता फक्त इंटरनेटवर विकलेला आणि तरी ग्रॅमी मिळालेला. तिच्या बँडमध्ये एकॉर्डियन आहे, आवाज ढगासारखा जमत जातो.

आजच्या गायकांपैकी कोण?

सेसिल मॅक्लॉरिन साल्व्हांत, 'ड्रीम्स अँड डॅगर्स', २०१७, बराचसा व्हॅनगार्डमधलाच लाइव्ह. ती गाणं नाटकातल्या प्रवेशासारखं उभं करते. आणि समारा जॉय, जन्म १९९९, 'लिंगर अव्हाइल'नंतर तिला ग्रॅमीचा सर्वोत्कृष्ट नवोदित पुरस्कार मिळाला तेव्हा जॅझवाल्यांनी घरोघरी जल्लोष केला असेल. पण मी २०२४ चा 'पोर्ट्रेट' सांगेन. तिला धरून आठ जणांचा बँड, अरेंजमेंट बँडमधल्याच तरुण पोरांच्या, आणि रेकॉर्डिंग न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डरच्या त्याच स्टुडिओत जिथे कोल्ट्रेन-हार्टमन झाला होता.

स्ट्रीमिंगवर एकाच अल्बमच्या चार-पाच आवृत्त्या दिसतात, कुठली घेऊ?

मूळ गाण्यांची संख्या बघा. 'एक्स्पांडेड', 'डीलक्स' असेल तर शेवटी राहिलेले टेक जोडलेले असतात, तेच गाणं तीनदा येतं आणि अल्बमचा शेवट हरवतो. मूळ शेवटाला थांबा. स्वस्तातल्या 'बेस्ट ऑफ' संकलनात बिलीचं १९३० आणि १९५० चं एकत्र कोंबलेलं असतं, त्याने गोंधळ होतो. आणि हेडफोनची मजा घ्यायची तर 'फर्स्ट टाइम! द काउंट मीट्स द ड्यूक', १९६१, दोन्ही बँड एकाच स्टुडिओत, एक एका कानात, दुसरा दुसऱ्या.

हे सगळं ऐकून झालं. पुढे काय?

गायक सोडा, अरेंजरच्या मागे जा. ॲपमध्ये गाण्याच्या क्रेडिट्समध्ये नाव असतं, नसलं तर मागच्या कव्हरचा फोटो शोधा. नील हेफ्टी आवडला तर १९६२ चा सिनात्रा-बेसीचा पहिला अल्बम त्यानेच लिहिलाय (टीव्हीवरच्या जुन्या बॅटमॅनची धूनही त्याचीच). मार्टी पेच आवडला तर 'आर्ट पेपर प्लस इलेव्हन', १९५९, गायक नाही पण सॅक्सोफोन गातो. बिली मेचं खट्याळ ब्रास हवं तर 'अनिता ओडे स्विंग्ज कोल पोर्टर'. क्विन्सी जोन्स हवा तर 'द जीनियस ऑफ रे चार्ल्स', १९५९, एका बाजूला बेसी आणि ड्यूकच्या बँडमधली माणसं एकत्र बसवलेला बिग बँड, दुसऱ्या बाजूला राल्फ बर्न्सची व्हायोलिन. बाजू बदलली की तोच रे चार्ल्स किती वेगळा ऐकू येतो ते बघा.